नळ, मोरी आणि जीवप्रवेश : खर्ड्याच्या अनुषंगाने दख्खनी जलव्यवस्थेचा एक उपेक्षित भाग

खर्ड्याचे नाव इतिहासग्रंथांत आले ते ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या लढाईमुळे. मराठी फौजांपुढे निजाम अलीचे सैन्य विस्कळीत झाले, निजामाने खर्ड्याच्या भुईकोटाचा आश्रय घेतला, आणि लवकरच त्याला तह पत्करून आपला दिवाण मुशीर-उल्-मुल्क मराठ्यांच्या हवाली करावा लागला. हा कोट निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकर घराण्याने अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात बांधला. घडीव दगडाचे उंच तट व भोवती खंदक असलेली ही वास्तू मजबूत असली तरी आकाराने लहान आहे. आत पायऱ्यांची विहीर आहे. परंतु लवाजम्यासह आत व सभोवार अडकलेल्या माणसांना, घोड्यांना आणि भारवाहू जनावरांना ती कितपत पुरी पडणार होती, हे सांगावयास लष्करी तज्ज्ञाची गरज नाही. लढाईच्या राजकीय फलिताविषयी विपुल लिहिले गेले आहे. पाण्याविषयी मात्र ओझरते उल्लेख करून इतिहासकार पुढे जातात.

पाणी अडविता येते, तोडता येते, तसेच ते बिघडविताही येते. पहिली दोन कामे शत्रू करतो, तीही क्वचित्. तिसरे काम उंदीर, बेडूक, खेकडा, डास आणि डोळ्यांस जेमतेम दिसणारे जलकीटक हे वर्षानुवर्षे, शांततेच्या काळातही, अखंड करीत असतात. घरात येणारे पाणी व घराबाहेर जाणारे सांडपाणी यांच्या वाटा या जिवांना बंद कशा करावयाच्या, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील गवंड्याला व गृहिणीला पडलेला आहे. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने तो क्षुद्र वाटला, तरी रोगराईच्या इतिहासात त्याचे स्थान बरेच वरचे आहे.

खर्डा ज्या जामखेड तालुक्यात आहे तो अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) आग्नेयेकडील, बालाघाटाच्या डोंगररांगांना लागून असलेला भाग. पाऊस थोडा व बेभरवशाचा. १८७६ ते १८७८, १८९६–९७, १८९९–१९०० आणि १९७२ हे दुष्काळ या पट्ट्याला चांगलेच परिचित आहेत. अशा मुलखात वस्तीची मदार मुख्यतः विहिरी व बारवा यांवर राहिली. लांबून बंदिस्त नळाने पाणी आणण्याचे वैभव जिल्ह्याच्या राजधानीला लाभले, तसेच औरंगाबाद व पुणे या शहरांना. म्हणून जीवप्रवेशाचा विचार करताना दोन व्यवस्था शेजारी ठेवून पाहाव्या लागतात : उघडी बारव आणि झाकलेला नळ.

बारवेची रचना माणसाला पाण्यापर्यंत नेण्यासाठी असते. पाणी खाली गेले की माणूसही पायऱ्या उतरून खाली जातो. पाणी कितीही आटले तरी घागर बुडते. अवर्षणाच्या प्रदेशात हा गुण अमोल होय, आणि बारवांच्या शिल्पसौंदर्याचे कौतुक करणाऱ्यांनी तो पुरेसा वाखाणला आहे. परंतु माणसाला जी वाट मोकळी ती इतरांनाही मोकळीच. कोनाड्यांत पारवे घरटी करतात, पायऱ्यांच्या सांध्यांत विंचू व साप राहतात, पावसाळ्यात बेडूक उतरतात, रात्री कोल्हे-कुत्रीही येतात. जुन्या बांधणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटेच्या विहिरीवर थारोळे बांधून पाणी वरच्यावर काढीत; गुरांनी आत येऊ नये म्हणून बाहेर दगडी डोणी ठेवीत. विहिरीत कासव व मासे सोडण्याची चालही महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पाण्यातला जीव पाण्यातल्याच दुसऱ्या जिवाकडून खाववावयाचा, ही कल्पना अडाणी नव्हती, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

बारवेत उतरणाऱ्या सर्व प्राण्यांत सर्वांत घातक ठरला तो माणसाच्या पायातूनच उतरणारा. नारूच्या कृमीची मादी एक मीटरपर्यंत लांब वाढते, आणि बहुधा पायाच्या त्वचेला फोड आणून बाहेर पडते. फोडाची आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो. त्याच क्षणी मादी हजारो सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा जलकीटक गिळतो, तो कीटक घागरीतून घरात येतो, आणि पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने नवी मादी फोड आणते. हे चक्र रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात उलगडले. बारवेची पायरी हा या चक्रातील अपरिहार्य दुवा होता. पोहऱ्याने पाणी शेंदण्याच्या आडात कोणी पाय बुडवीत नाही, म्हणून तेथे नारूचा फैलाव होत नाही.

नारूने मृत्यू क्वचितच येई. तथापि पेरणी-काढणीच्या ऐन दिवसांत शेतकऱ्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर खिळविणारा रोग कुणब्याच्या संसाराला मृत्यूइतकाच महाग पडतो. काडीवर गुंडाळून दररोज थोडा थोडा कृमी ओढून काढणे, एवढाच उपाय वैदूच्या हाती होता. १९३०–४० या दशकात म्हैसूर संस्थानातील चितळदुर्ग भागात मूर्ती व स्वीट यांनी पायविहिरींत लहान मासे सोडून सायक्लॉप्सची संख्या घटविण्याचे प्रयोग केले. विहिरीत मासे सोडण्याच्या जुन्या चालीला शास्त्राचा हा उशिरा मिळालेला दाखला म्हणावयास हरकत नाही.

निर्णायक उपाय मात्र बांधकामाचाच ठरला. १९८३–८४ मध्ये देशव्यापी नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पायऱ्या बुजवून बारवेचा आड करणे, कठडा बांधणे, पाण्यात टेमेफॉस घालणे, नवीन कूपनलिका खोदणे आणि घरोघरी पाणी दुहेरी फडक्याने गाळावयास लावणे, असे त्याचे स्वरूप होते. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. वास्तुरसिकांना पायऱ्या बुजविलेली बारव पाहून हळहळ वाटते, आणि ती स्वाभाविक आहे; परंतु त्या पायऱ्यांनी घेतलेले मोल विचारात घेतल्यावाचून या हळहळीला फारसा अर्थ राहत नाही.

येथे फडक्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. वस्त्राने गाळलेले पाणी प्यावे, हा विधी स्मृतींत आहे, जैन आचारात तो कटाक्षाने पाळला जातो, आणि नळ आल्यावरही तोटीला फडके बांधण्याची चाल मराठी घरांतून गेली नाही. सुशिक्षितांनी तिची पुष्कळ थट्टा केली. बांगला देशात घड्या घातलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळून पाहण्याचा जो प्रयोग झाला व २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरल्याचे आढळले. पटकीचा जंतू फडक्यात अडकण्याइतका मोठा नसतो. तो ज्या जलकीटकांना चिकटून राहतो ते अडकतात. फडके वेळेवर धुतले व उन्हात वाळविले तरच हा लाभ, एरवी तेच किड्यांचे माहेरघर होते, एवढी पुस्ती मात्र जोडावयास हवी.

आता झाकलेल्या नळाकडे वळावयाचे. खर्ड्याच्या स्वारीत जातीने असलेला तरुण पेशवा सवाई माधवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली कारंज्यावर पडून दगावला. या घटनेची चर्चा अद्यापि संपलेली नाही. या वाड्याला पाणी येई ते कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या आसपास, कात्रजला बांध घालून पुण्यात दगडी बांधणीचा भूमिगत नळ आणला गेला. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे या जलव्यवस्थेची साक्ष देतात. सार्वजनिक हौदांखेरीज सरदारांच्या वाड्यांतील खाजगी हौदांनाही या नळांचे पाणी मिळे. याच्याही आधी निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव अशा गावांकडून अहमदनगरच्या महालांना व बागांना पाणी आणले होते, आणि मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर बांधली होती.

या वाहिन्यांचा बराच भाग खापरी नळांचा असे. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे, एका टोकाला निमुळते व दुसऱ्या टोकाला रुंद असे तुकडे. एकाचे तोंड दुसऱ्यात बसवून सांधा चुन्याने भरावयाचा आणि वरून बांधकामाचे कवच द्यावयाचे. सलग नळात कोणताही प्राणी शिरू शकत नाही. शिरतो तो सांध्यातून किंवा तोंडातून. पिंपळाचे मूळ ओलाव्याच्या मागाने चुन्यात घुसते, सांधा तडकतो, बाहेरची माती भिजते. भिजलेली माती खेकडा पोखरतो आणि खेकड्याचे बीळ घूस रुंद करते. म्हणून नळाच्या मार्गावर झाड वाढू न देणे हीच सर्वांत महत्त्वाची राखण होती, आणि ती बंद पडली की वाहिनी फार दिवस टिकत नसे.

सांध्यांहून कठीण प्रश्न तोंडांचा. नळ पूर्ण बंद ठेवता येत नाही. अडकलेली हवा बाहेर जावी, दाब मोडावा आणि बसलेला गाळ काढता यावा, यासाठी ठराविक अंतरावर त्याला तोंडे द्यावी लागतात. पुण्यात यांना उच्छ्वास किंवा बोलीत उसासे म्हणत. औरंगाबादेत अशाच कामासाठी मनोरे बांधलेले दिसतात. उसासा जमिनीपासून उंच उचललेला असतो. त्याचे मुख्य प्रयोजन जलशास्त्रीय आहे, यात शंका नाही. परंतु जमिनीलगतचे तोंड म्हणजे वाहत्या पावसाच्या पाण्याला, बेडकाला व उंदराला दिलेले आमंत्रण, हे बांधणाऱ्याला कळत नसेल असे मानणे कठीण आहे. वाहिनीच्या वाटेतील कुंड्यांत पाण्याचा वेग मंदावून गाळ खाली बसे, आणि त्या गाळाबरोबर मेलेले किडेही तेथेच राहत. कात्रजच्या नळात माणूस उतरून साफसफाई करू शके, एवढी त्याची रुंदी-उंची ठेवलेली होती.

या सर्व योजनांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट ध्यानात येते. जाळी, झाकण, कुंडी, उंच तोंड ही सर्व दुय्यम साधने होत. नळाला जिवांपासून राखणारे मुख्य कुंपण म्हणजे त्यातून भरून वाहणारे पाणीच. प्रवाह चालू असेतो डास अंडी घालू शकत नाही, उंदीर वाट काढू शकत नाही, आणि फटीतून पाणी बाहेर येते, बाहेरचे आत जात नाही. प्रवाह थांबला की तीच वाहिनी बीळ होते. मराठवाड्यातील वा पुण्याभोवतालच्या कोरड्या पडलेल्या जुन्या नळांत वटवाघळे, साळिंदरे व साप यांनी वस्ती करावी, यात नवल नाही. खर्ड्यासारख्या ठिकाणी, जेथे पाणी वर्षातून कित्येक महिने खंडित होते, तेथे म्हणूनच हा प्रश्न पुण्यामुंबईहून बिकट असतो.

नुसत्या प्रवाहाने भागते असेही नाही, याचे उदाहरण युरोपात सापडते. एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरविणाऱ्या हॅम्बुर्ग शहराच्या नळांत काय काय राहते, याची पाहणी कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञाने करून ती १८८६ च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्यात वाम मासे, शिंपले, गोगलगाई, जलशोषक स्पंज असा मोठा परिवार निघाला. त्याच सुमारास पूर्व लंडनमधील लोकांच्या घरच्या नळांतूनही वाम निघाल्याच्या तक्रारी झाल्या. हॅम्बुर्गच्या कारभाऱ्यांनी हे गंमत म्हणून सोडून दिले. १८९२ साली शहरात पटकी आली आणि साडेआठ हजारांवर माणसे मेली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, किंबहुना अधिक घाण झालेले पाणी पीत असे, पण ते वाळूतून गाळून. तेथे रोग फारसा पसरला नाही. ज्या वाटेने वाम येऊ शकतो त्या वाटेने त्याहून लहान जीवही येतो, ही साधी गोष्ट तेथील नगरपित्यांना फार महागात शिकावी लागली.

मुंबईचा अनुभव निराळा. १८६० साली विहारचे पाणी नळाने आले, तरी कोटातील व गावठाणातील घरांतून जुन्या विहिरी तशाच राहिल्या. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात मुंबईतील हिवतापाचे मूळ या घरगुती विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस डासांत दाखविले. विहिरी बुजविण्याचे वा घट्ट झाकण्याचे हुकूम निघताच पारशी व हिंदू समाजांतून विरोध झाला, कारण धर्मकृत्याला उघड्या विहिरीचे पाणी लागे. तेव्हा तारेच्या बारीक जाळीचे दार असलेली झाकणे काही ठिकाणी मान्य करण्यात आली. ही तडजोड बेंटलीसारख्या कडक आरोग्यशास्त्र्याला पसंत पडण्याजोगी नव्हती. पण डासाला अडवून माणसाच्या श्रद्धेला वाट देणारे दार कायद्याच्या कक्षेत बसले, ही सुज्ञपणाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. गच्चीवरील टाक्यांना घट्ट झाकण आणि जादा पाण्याच्या नळीला जाळी, हा मुंबई महापालिकेचा आग्रह याच परंपरेतला.

पाण्यावर कोणाला येऊ द्यावयाचे, याचा विचार करताना आपल्या समाजाने घातलेल्या एका कुंपणाचा उल्लेख टाळता येत नाही. गुरांना डोण होती, पाखरांना बारवेचे कोनाडे होते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र पाणवठा बंद होता. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो हक्क बजावला, त्याच्या मुळाशी हीच विसंगती होती. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळात कूपनलिका खोदताना हातपंप दलित वस्तीत यावेत अशी योजना त्यांनी केली, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे यावे लागे. कूपनलिका ही जीवप्रवेशाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित विहीर. तिला पायरी नसते, आणि तिचे तोंड पंपाने बंद असते.

आत येणाऱ्या पाण्याइतकाच बाहेर जाणाऱ्या पाण्याचा मार्ग महत्त्वाचा. जुन्या घरांत मोरीचे पाणी भिंतीतील भोकातून परसात, अळूच्या वा केळीच्या आळ्यात जाई. त्या भोकातून रात्री साप किंवा घूस आत येऊ नये म्हणून फडक्याचा बोळा किंवा दगड लावून ठेवीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा रोगाचे मूळ गटारांच्या दुर्गंधीत आहे अशा समजुतीने समुद्राचे पाणी व कार्बोलिक द्रव यांचा गटारांतून प्रचंड मारा करण्यात आला. उंदीर व त्यावरील पिसू हे रोगाचे वाहक असल्याचे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखविले, तेव्हा गटारातले उंदीर हाकलले तर ते जातात कोठे, हा प्रश्न निराळ्याच प्रकाशात दिसू लागला. घराकडचे तोंड उघडे ठेवून गटार धुणे म्हणजे उंदराला घराची वाट दाखविणे होय.

या तोंडाला बसणारे साधन म्हणजे वाकडी नळी. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. वाकात साठून राहिलेले पाणीच बुचाचे काम करते, ही त्यातील खुबी. भारतात न्हाणीघराच्या जमिनीत बसविल्या जाणाऱ्या अशा वाकाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि आपल्या घरातला हा शब्द अभियंत्यांच्या इंग्रजी निविदांतही जसाच्या तसा गेला आहे. वाकातील पाण्याची खोली साधारणतः ५० मिलिमीटर असते. तेवढ्याने झुरळ, गोम, डास आणि दुर्गंधी अडते. पोहणाऱ्या उंदरासाठी वर जाळी हवीच. परंतु हे बूच पाण्याचे आहे, आणि उन्हाळ्यात वापर थांबला की ते काही आठवड्यांत आटते. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात न्हाणीच्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतणे उधळपट्टी वाटते. म्हणून वर थोडे खाद्यतेल टाकून बाष्पीभवन रोखणे किंवा जाळीवर सपाट झाकण ठेवणे हा अधिक व्यवहार्य उपाय होय. शौचटाकीच्या वायुनळीला बारीक जाळी वा कापड बांधण्याची आरोग्य खात्याची सूचनाही याच कारणाने आहे. क्युलेक्स डासांची पैदास त्या टाकीत होते.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे खेड्यांतील घरोघर तोटी पोहोचू लागली. तथापि अवर्षणाच्या तालुक्यांत तोटीला पाणी येते ते खंडित स्वरूपात. पाणी बंद होताच वाहिनीतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून आसपासचे गढूळ पाणी, अळ्यांसह, आत ओढले जाते. पुन्हा पाणी सुटले की पहिली काही मिनिटे तेच येते; म्हणून ते पिण्याच्या भांड्यात न घेता झाडांना द्यावे, असे जाणत्या बाया करतात. साठवण अपरिहार्य झाली की पिंप, रांजण व सिमेंटची टाकी आली, आणि त्यांबरोबर डेंग्यूचा वाहक एडीस डास. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करावी, असे सांगितले जाते. पण एडीसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात व कोरडेपणीही कित्येक महिने जिवंत राहतात. पिंप नुसते उपडे केल्याने ती जात नाहीत. आतली कड काथ्याने किंवा घासणीने घासून काढावी लागते, आणि मग फडके ताणून बांधावे लागते.